दोन गोळ्यांत ‘बरा’ झालेला परमा

लघवीला जळजळ सुरू झाली की आपल्याकडे पहिलं निदान घरातच होतं: उन्हाळी लागली. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, शहाळं. दिवसभर उन्हात राबणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे निदान पुष्कळदा बरोबरही असतं. पण आग होण्यासोबत लिंगातून पिवळसर किंवा हिरवट पू यायला लागला, सकाळी आतल्या कपड्यांवर त्याचे डाग दिसले, तर ती उन्हाळी नव्हे. निरोधाविना आलेल्या संबंधानंतर साधारण दोन ते सात दिवसांत हे सुरू झालं असेल, तर तो बहुधा परमा, म्हणजेच गोनोरिया असतो. इथे माणसाला भीती वाटते खरी, पण ती त्याला दवाखान्यात नेत नाही. तो नेहमीचं दुकान टाळून जरा लांबच्या केमिस्टकडे जातो, इतर गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबतो आणि हळूच सांगतो की लघवीला आग होतेय, काहीतरी द्या. पट्टी कापून दोन-चार गोळ्या मिळतात. तीन दिवसांत पू थांबतो आणि प्रकरण मिटलं असं तो धरून चालतो. माझ्या मते, परम्याच्या बाबतीत याहून महाग पडणारा दुसरा गैरसमज नाही.

कारण पू थांबणं आणि जंतू मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परम्याची लक्षणं औषधाविनाही काही आठवड्यांत ओसरू शकतात. अर्धवट औषधाने तर ती हमखास दबतात. जंतू मात्र मूत्रमार्गात टिकून राहतो आणि मागे सरकत वृषणाजवळच्या शुक्रनलिकांपर्यंत पोचतो. तिथे सूज येते, काहींना पुढे मूल होण्यात अडचण येते, तर काहींचा मूत्रमार्ग आतून आकसून लघवीची धार बारीक होते. त्याच्या बायकोची गत आणखी वाईट. स्त्रियांपैकी निम्म्याजणींना या रोगाची काही खूणच दिसत नाही. गर्भाशयाच्या नळ्या खराब होईपर्यंत तिला पत्ता नसतो, आणि गरोदरपणी लागण असेल तर बाळंतपणात बाळाचे डोळे जाण्याचा धोका असतो. ‘ज्याने केलं तो भोगेल’ असं म्हणणाऱ्यांनी या हिशेबात तिला कुठे बसवलं आहे, हे मला कधी कळलेलं नाही.

हा जंतू १८७९ मध्ये जर्मन डॉक्टर अल्बर्ट नायसर यांनी ओळखला. तेव्हापासूनचा त्याच्या औषधांचा इतिहास म्हणजे माघारीचा इतिहास आहे. १९३० च्या दशकात सल्फा औषधं आली आणि दहा वर्षांच्या आत निकामी ठरू लागली. मग पेनिसिलिन आलं. सुरुवातीला दोन लाख युनिटांहून कमी मात्रेत काम व्हायचं. १९७० च्या दशकात अमेरिकेत त्यासाठी ४८ लाख युनिटं टोचावी लागत होती. १९७६ मध्ये तर पेनिसिलिन फोडून टाकणारे जंतूच सापडले. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी आली. २००७ मध्ये अमेरिकेने परम्यासाठी तिची शिफारस मागे घेतली, आणि भारतातल्या बहुतेक जंतूंवरही ती आता चालत नाही. तरी आपल्या काउंटरवरून ती सर्रास जाते. आज खात्रीचा आधार उरलाय तो सेफ्ट्रिअॅक्सोन या इंजेक्शनचा, आणि त्यालाही दाद न देणारे जंतू जगात ठिकठिकाणी मिळाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात परम्याचे ८ कोटी २० लाख नवे रुग्ण झाले. झोलिफ्लोडासिनसारखी नवी औषधं चाचण्यांत यशस्वी ठरली आहेत हे खरं, पण पेनिसिलिनच्या वेळीही लोक असेच निर्धास्त झाले होते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. जंतू आज ना उद्या औषधाला सरावणारच. त्यात चार गोळ्या विकत घेणाऱ्याचा काय दोष? पहिला भाग मान्य. पण सरावण्याचा वेग आपण ठरवतो, आणि तो वाढवण्यात परमा न झालेल्यांचाही हात आहे. परम्याचा जंतू घशातही राहतो आणि तिथे बहुधा काहीच त्रास देत नाही. निरोगी माणसाच्या घशात त्याच जातकुळीचे निरुपद्रवी जंतू कायमचे वस्तीला असतात. घसा धरला म्हणून आपण अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी घेतो. हे औषध शरीरात बरेच दिवस कमी प्रमाणात रेंगाळतं, आणि तेवढ्यात हे निरुपद्रवी जंतू त्याला सरावतात. पुढे परम्याचा जंतू तिथे आला की त्यांच्याकडून ती जनुकं सरळ उचलतो. सेफिक्झिमच्या गटातल्या औषधांना (सेफ्ट्रिअॅक्सोनही त्यातलंच) तोंड देण्याची ताकद त्याने मोठ्या प्रमाणात अशीच मिळवली आहे. म्हणजे सर्दी-खोकल्यावर गरज नसताना अँटिबायोटिक घेणारं सभ्य घरही या गोष्टीतून सुटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्येही, म्हणजे लैंगिक आजारांच्या विभागात, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (‘नाको’) पद्धतीनुसार लक्षणं पाहून लगेच औषध दिलं जातं, पू येत असेल तर करड्या रंगाचं पाकीट, त्यात सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिन. तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबवत नाहीत. मग केमिस्टने वेगळं काय केलं? फरक आहे. तिथे दोन्ही औषधं पूर्ण मात्रेत एकदम घ्यायची असतात, जोडीदारालाही उपचार मिळतो, एचआयव्ही आणि गरमीची तपासणी होते, सात दिवस संबंध ठेवू नका असं सांगितलं जातं, आणि हे सगळं फुकट असतं. केमिस्टचं म्हणाल तर, २०१४ पासून सेफिक्झिम ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहे, म्हणजे दुकानदाराने ते चिठ्ठीवरच द्यायचं आणि डॉक्टरचं व रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची. हातावर पोट असलेल्याला क्लिनिकसाठी एक दिवसाचा खाडा परवडत नाही, हे खरंच. म्हणून क्लिनिकच्या वेळा संध्याकाळपर्यंत असाव्यात ही मागणी रास्त आहे. पण मूळ आक्षेपात एक सत्य उरतंच. लक्षणांवरून उपचार केले तर लक्षणं नसलेल्या स्त्रिया सुटून जातात, आणि कुठलं औषध निकामी झालंय हेही कळत नाही. ते कळायला पुवाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहावा लागतो (यालाच कल्चर म्हणतात), आणि ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे. म्हणून पूर्ण औषध घेऊनही पू थांबला नाही, किंवा थांबून पुन्हा आला, तर दुसरी पट्टी आणायची नाही. त्याच डॉक्टरकडे परत जायचं, आधी कोणतं औषध किती घेतलं ते स्पष्ट सांगायचं आणि नवं औषध सुरू होण्याआधी कल्चरची तपासणी मागायची.