भाऊबीजेच्या चंद्रावरचा आपला उजेड

प्रकाश या विषयाचे मला बालपणापासून विलक्षण आकर्षण आहे, आणि आळीतील मुले जमवून त्यांस विजेरी, आरसे व पणत्या यांचे प्रयोग दाखविण्याचा माझा जुना परिपाठ असल्यामुळे हे मी पूर्ण खातरजमेने सांगू शकतो, की सहा-सात वर्षांच्या मुलास परावर्तन समजावून द्यावयाचे असेल तर पहिला धडा आरशाचा नव्हे, चंद्राचा द्यावा.

तत्पूर्वी आवश्यक तेवढी माहिती थोडक्यात देतो. सूर्य, तारे, ज्योत, विजेचा दिवा, काजवा ही स्वयंप्रकाशी मंडळी. बाकीचे बहुतेक जग परप्रकाशी. त्यावर पडलेला उजेड परतून आपल्या डोळ्यांत शिरतो म्हणूनच ते दिसते, हे इब्न अल-हैथम याने सुमारे १,००० वर्षांपूर्वी साधार मांडले. प्रकाश सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो आणि सूर्यापासून आपल्यापर्यंत ८ मिनिटे २० सेकंदांत पोहोचतो.

आता चंद्राकडे वळू. गुळगुळीत आरशावरून प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. हा नियम कॅरम खेळणाऱ्या मुलांच्या बोटांना आधीच अवगत असतो, कारण पट्टीवर आपटलेला स्ट्रायकर तोच पाळतो. खडबडीत पृष्ठभाग मात्र प्रकाश दशदिशांना विखुरतो, आणि चंद्र हा असा धुळीने माखलेला, खडबडीत परावर्तक आहे. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा १२ च्या आसपासच तो परत करतो. म्हणजे रंगाने तो जवळजवळ डांबरी रस्त्यासारखा काळपट असून केवळ भोवतालच्या काळोखामुळे रुपेरी भासतो, हे ऐकून मुले प्रथम मुळीच विश्वास ठेवत नाहीत.

एका कोजागरीस गच्चीवर हे सांगत असता एका चिमुरडीने मला विचारले, "मग काका, चंद्रावरून आपली पृथ्वीपण चमकते का?" इतका मार्मिक प्रश्न मोठ्यांच्या सभेतही मी क्वचित ऐकला आहे. पृथ्वी चमकते, आणि चांगलीच चमकते! चंद्रावरून तिचे बिंब आपल्याला दिसणाऱ्या चंद्रबिंबाच्या १३ पटींहून अधिक क्षेत्रफळाचे दिसते, आणि ढगांमुळे ती सूर्यप्रकाशाचा शेकडा ३० च्या सुमाराचा हिस्सा परत पाठविते. अमावास्येच्या आगेमागे चंद्राच्या आकाशात पृथ्वी जवळजवळ पूर्ण उजळलेली असते; म्हणूनच ज्या भाऊबीजेस भाऊ नसलेली बहीण चंद्रालाच ओवाळते, त्या संध्याकाळी पातळ कोरीच्या कुशीत उरलेले अख्खे बिंब राखी तेजाने अंधुक दिसते. तो उजेड सूर्यावरून पृथ्वीवर, पृथ्वीवरून चंद्रावर आणि तेथून पुन्हा आपल्या डोळ्यांत, असा दोनदा परावर्तित होऊन आलेला असतो. लिओनार्दो दा विंची याने सोळाव्या शतकाच्या प्रारंभी याचा उलगडा केला. ही चमक सागराच्या पाण्याची, असे तो मानीत असे, परंतु तिचे मुख्य श्रेय ढगांचे आहे.

चंद्र स्वतः असा अस्ताव्यस्त उजेड विखुरतो खरा, तथापि मानवाने त्याच्यावर अत्यंत शिस्तीचे परावर्तकही नेऊन ठेविले आहेत. कॅरमच्या कोपऱ्यात दोन्ही पट्ट्यांवर आपटलेला स्ट्रायकर आल्या दिशेस समांतर परत फिरतो. त्यात तिसरी काटकोनी बाजू मिळविली, की प्रकाश कोठूनही येवो, जेथून आला तेथेच माघारी जातो. सायकलीच्या मागील तांबड्या परावर्तकात असे शेकडो इवले कोपरे असतात. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी असे १०० लोलक चंद्रभूमीवर मांडले. पृथ्वीवरून तेथे सोडलेला लेसर-झोत सुमारे अडीच सेकंदांत परततो, आणि त्याच मोजणीने चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर सरत असल्याचे सिद्ध झाले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेल्या आपल्या चांद्रयान-३ च्या 'विक्रम'वरही नासाने दिलेला आठ लोलकांचा परावर्तक असून, त्याच डिसेंबरात नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने त्यावरून लेसर परतवून घेतला.

स्वयंप्रकाशी व परप्रकाशी यांच्या याद्या पाठ करवून घेणे हे माझ्या मते शिक्षण नव्हे. पालकांनो, यंदा भाऊबीजेस सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने मुलांना मोकळ्या पश्चिम क्षितिजाकडे घेऊन जा, ढग आडवे आले तर तृतीयेस पुन्हा जा, आणि त्या अंधुक बिंबावर पडलेला उजेड आपल्याच पृथ्वीचा आहे, हे त्यांना अवश्य सांगा.