नटण्याच्या हक्काविषयी

गेल्या सत्रात आमच्या वर्गातील एक विद्यार्थिनी आईच्या जुन्या इरकली लुगड्याचे स्वतः शिवलेले जाकीट घालून आली. एका कानात चांदणी, दुसऱ्या कानात चंद्रकोर आणि पर्सला लोंबणारी छोटी कापडी बाहुली. मुलगी आमच्याच वस्तीतली. कपड्यांचे तिला विलक्षण वेड आहे. कोणत्या डिझायनरने काय नवे केले हे ती मोबाईलवर पाहते आणि घरच्या शिलाई मशीनवर करून बघते. त्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "स्कॉलरशिप जमा झालेली दिसते." सगळे हसले. मी गप्प बसलो. दुपारी त्या मुलीनेच मला विचारले, "सर, बाकीच्या मुली नटल्या तर ती हौस. मग आम्ही नटलो की लोकांच्या डोळ्यांत का खुपतं?"

तिचा प्रश्न वरवर पाहता कपड्यांचा आहे. पण त्याचे मूळ फार खोल गेलेले आहे.

अंगावर काय घालावे हे आपल्या समाजात कधीच केवळ आवडीवर सोडलेले नव्हते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम सांगितले आहेत. त्यांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, दागिने घालायचे तर लोखंडाचे घालावेत. हे केवळ पोथीत राहिले नाही. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' मानला जाई. सणासुदीला वाड्यावरून मिळणारे जुनेर हेच नवे लुगडे. माझ्या आजीने स्वतःच्या पसंतीचे लुगडे आयुष्यात किती वेळा घेतले, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. दुसऱ्याने टाकलेले नेसायचे, म्हणजे दुसऱ्याने ठरवलेली पायरी अंगावर वागवायची. कपडा हा जातीचा चालताबोलता दाखला होता. दुरून माणूस ओळखता यावा, इतकेच त्याचे काम.

हा दाखला फाटला की काय होते, याचे उदाहरण आपल्या तालुक्याशी जोडलेले आहे. १९०१ साली बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. तेथे लोकांना रोजगार मिळावा म्हणून सरकारने तलाव खोदायला घेतला होता. वडिलांना भेटायला लहानगा भीम आपल्या भावाबरोबर व भाच्यांबरोबर साताऱ्याहून आगगाडीने निघाला. प्रवासासाठी खास कपडे घेतले होते : विलायती धाटणीचे नवे सदरे, चमचमत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मुलांच्या हौसेला त्या दिवशी पारावार नव्हता. मसूर स्टेशनावर उतरल्यावर स्टेशनमास्तरने त्या पोशाखावरून त्यांना ब्राह्मणाची मुले समजून आपुलकीने चौकशी केली. भीमाने आपण महार असल्याचे सांगितले मात्र, त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे. वाटेत पिण्याचे पाणीही मिळाले नाही. बाबासाहेबांनी हा अनुभव पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

मसूरच्या या प्रसंगातून दोन गोष्टी कळतात. चांगल्या कपड्याने माणसाचे माणूसपण क्षणभर का होईना दिसले. आणि नुसत्या कपड्याने जात मोडत नाही, हेही त्याच क्षणी सिद्ध झाले.

बाबासाहेब या दोन्ही गोष्टी विसरले नाहीत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. लुगडे नेसण्याची पद्धत, गळ्यातल्या गळसऱ्या, कोपरापर्यंतचे कथलाचे वा चांदीचे गोट या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाका, असे त्यांनी सांगितले. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका, असे त्यांचे म्हणणे होते. स्त्रियांनी तेथल्या तेथे लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलली. ग्रंथ जाळणे आणि गोट उतरवणे ही एकाच लढ्याची दोन कामे होती. केरळात १९१५ साली अय्यंकाळींच्या नेतृत्वाखाली पुलया स्त्रियांनी सक्तीने घालाव्या लागणाऱ्या दगडी मण्यांच्या माळा तोडून टाकल्या, तीही याच जातीची कृती.

येथे कोणी साधेपणाचा उपदेश करील. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला पंचा स्वीकारला, हे उदाहरण वर्गात आम्हीही शिकवतो. पण त्याग करायला आधी हाती काही असावे लागते. ज्याच्या बापजाद्यांना लंगोटी सक्तीने मिळाली, त्याने ती आवडीने नेसावी, असे सांगणे हा क्रूर विनोद होय. बाबासाहेबांचा सूट समजून घ्यायचा तर तो या ठिकाणी उभे राहून.

हा सारा जुना इतिहास झाला, असे मात्र समजू नये. मे २०२३ मध्ये गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यातील मोटा गावी चांगले कपडे व गॉगल घातला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाली. गॉगलची किंमत ती काय असणार? पण ज्या डोळ्यांना खाली झुकलेली नजर पाहण्याची सवय, त्यांना काळ्या काचेमागची नजर सोसत नाही. मारहाण गावच्या चौकात होते, टोमणा स्टाफरूममध्ये मारला जातो. दोहोंमागचा विचार एकच : याने आपली पायरी ओळखून कपडे घालावेत.

तेव्हा आपल्या मुलांच्या हौसेकडे कसे पाहायचे? आपल्यातलेही काही कार्यकर्ते तिला चंगळवाद म्हणून झिडकारतात. कर्ज काढून कंपनीचा शिक्का मिरवणे मलाही मान्य नाही, आणि भारी जाकिटाने मुक्ती येत नाही, हे मसूरने शिकवलेच आहे. पण या मुलीचे जाकीट दुसरेच काही सांगते. ज्या घरात कापड उतरून येत होते, त्या घरात आता कापड बेतले जात आहे. तिने जुनेर वापरले खरे, पण त्याचे काय करायचे ते स्वतः ठरवले.

मी तिला एवढेच म्हणालो, "भीमाने मसूरला दोन गोष्टी केल्या. टोपी ऐटीत घातली, आणि विचारल्यावर जात लपवली नाही. तूही दोन्ही कर."

ती म्हणाली, "सर, मग तुम्ही त्या दिवशी काही बोलला का नाहीत?"

दारातून तिने ते ऐकले होते, हे मला माहीत नव्हते. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. गेली दहा वर्षे मी कोणाच्या नजरेत येऊ नये अशा करड्या रंगाचे शर्ट घालून कॉलेजात जातो, हे मात्र त्या संध्याकाळी प्रथमच माझ्या ध्यानात आले.