जावा भाषेचा सातबारा कुणाच्या नावावर?

दिग्रसहून यवतमाळ, अमरावती, पुण्याला संगणक शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या वह्यांत 'जावा' हा शब्द हमखास आढळतो. संगणकाला हुकूम देण्याची ही भाषा. मराठीला कुणी मालक नाही, जावाला आहे. कर्ज काढून फी भरणाऱ्या आईवडिलांनी, मालकांच्या भांडणात ही विद्या बुडणार तर नाही ना, असे विचारले तर त्यात गैर काय?

1995 साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने जावा बाहेर आणली. जेम्स गॉसलिंग हे तिचे जनक. मायक्रोसॉफ्टने तिच्यात आपल्या सोयीचे फेरफार केले म्हणून सनने 1997 मध्ये दावा लावला. 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टने 2 कोटी डॉलर मोजून तडजोड केली, पण तोवर तिने सी-शार्प ही आपली वेगळी भाषा काढलीही होती. सनला पैसे मिळाले, जावाला सवत मिळाली.

जानेवारी 2010 मध्ये ओरॅकलने सन कंपनीच विकत घेतली. एप्रिलमध्ये गॉसलिंग बाहेर पडले. ऑगस्टमध्ये ओरॅकलने गूगलला कोर्टात खेचले. अँड्रॉइड फोनसाठी गूगलने जावातील सुमारे 11,500 ओळी घेतल्या होत्या. या ओळी म्हणजे बाजारातल्या दुकानांच्या पाट्या समजा. पाट्या जावाच्या, आतला माल गूगलने स्वतः भरलेला. जावा शिकलेल्या माणसाला तोच बाजार ओळखीचा वाटावा, एवढाच हेतू. ओरॅकलचे म्हणणे टिकले असते तर कारागिराच्या हाताची सवयच भाड्याची झाली असती, असे आमचे मत आहे. निकाल खाली एक, वर दुसरा, असे दहा वर्षांहून अधिक चालले. शेवटी 5 एप्रिल 2021 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 2 मतांनी गूगलचा वापर रास्त ठरविला. पाट्यांवर मालकी सांगता येते की नाही, हा मूळ प्रश्न मात्र न्यायालयाने तसाच ठेवला. दरम्यान 2019 पासून गूगलने अँड्रॉइडसाठी कॉटलिन या दुसऱ्या भाषेला पहिला मान दिला होता.

कापूस पेरणाऱ्यांना हे नवे नाही. 2002 साली बीटी आले, तेव्हापासून कित्येक वर्षे पाकिटाच्या किमतीत बियाण्यातल्या गुणाचे वेगळे दाम कंपनीला जात होते. पण जावाचे वाण घरी राखता येते. सनने 2006 पासून ते खुले करायला सुरुवात केली, आणि मालक बदलला तरी ते खुलेच राहिले. त्याचे नाव ओपनजेडीके.

'जावा' हे नाव मात्र ओरॅकलचेच. 2017 मध्ये तिने जावाचा एक मोठा भाग एक्लिप्स फाउंडेशनला दिला. नाव दिले नाही, म्हणून तो आता 'जकार्ता' म्हणून ओळखला जातो. 2023 पासून कंपन्यांना ओरॅकलची जावा-वर्गणी घ्यायची तर सगळे नोकर मोजून पैसे द्यावे लागतात. संगणकाला हात न लावणारा शिपाईसुद्धा त्या मोजणीत येतो!

विद्यार्थ्याला यातले काही भरावे लागत नाही. एक्लिप्सची टेमुरिन किंवा अमेझॉनची कोरेटो ही ओपनजेडीकेवरच उभी आहेत आणि फुकट मिळतात. शिकवणीवाल्याने जावासाठी म्हणून वेगळे पैसे मागितले, तर कशाचे, हे आधी विचारावे.