न भरणारी जखम

२०१८ च्या जुलैमधली गोष्ट. सकाळच्या घाईत विळीवर भेंडी चिरताना डाव्या हाताच्या अंगठ्याला पातं लागलं. जखम काही मोठी नव्हती. हळद दाबली, चिंधी बांधली आणि शाळेत गेले. बाईमाणसाच्या हाताला असं काही ना काही लागतच असतं, त्याचं एवढं काय? पण आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना उलटला, तरी ती जखम भरेना. खपली धरायची, निघायची आणि आतून पुन्हा ओली.

आमचं गाव अंजूर, भिवंडी तालुक्यातलं. इतिहासाची आवड असलेल्यांना ते वसईच्या मोहिमेतल्या गंगाजी नाईकांचं गाव म्हणून ठाऊक असतं, तर भाविकांना नाईकांच्या वाड्यातल्या सिद्धिविनायकामुळे. बाकीच्यांना आमचा भाग माहीत असतो तो गोदामांमुळे. मी लग्न होऊन आले तेव्हा घरासमोर भाताची खाचरं होती. आता तिथे पत्र्याची उंच गोदामं आहेत आणि रात्रभर ट्रकांची ये-जा.

ही खाचरं गेली, पण माझ्या सासूबाईंच्या डोक्यातून ती गेली नव्हती. २०१५ पासून त्यांना विस्मरणाचा आजार जडला होता. आधी मिठाचा डबा सापडेना, मग नातवाचं नाव आठवेना, पुढे पुढे मीच त्यांना अनोळखी वाटू लागले. पावसाळा आला की रात्री दोन वाजता उठून पदर खोचायच्या. "आवणीला जायचंय. बाया खोळंबल्यात गं!" दाराला कडी असली की दार बडवायच्या. "आई, आता तिथं शेत नाही," असं सांगितलं की लहान मुलासारख्या रडायच्या. मग मीही त्यांच्याजवळ बसून राहायची. पहाटे डोळा लागायचा आणि पाचला पुन्हा चूल, डबे, शाळा. यजमानांची कंपनीत पाळी. नणंदा आपापल्या घरी. सून घरात असताना आणखी कोण करणार?

एका रात्री मी त्यांच्यावर हात उगारला. हात तसाच खाली आला, पण ती रात्र मी अजून विसरलेले नाही. त्यानंतर मला स्वतःचीच किळस वाटू लागली. गणपतीत मोदकांना बसले तर हात चालेनात. कुणाशी बोलावंसं वाटेना. "मनावर घेऊ नकोस," शेजारच्या काकी म्हणायच्या. पण मनावर न घ्यायला मन माझ्या ताब्यात राहिलं होतं कुठे?

जखमेला दीड महिना झाला तेव्हा भिवंडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी रक्तातली साखर तपासली. ती ठीक निघाली. हात सारखा पाण्यात असतो, तो कोरडा ठेवा म्हणाले, मलम लिहून दिलं. मग चश्म्यावरून बघत विचारलं, "बाई, रात्री झोप किती तास होते?"

जखम अंगठ्याला आणि प्रश्न झोपेचा! उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शब्दांऐवजी रडूच आलं. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि एक हकीकत सांगितली. पुढे मी ती शोधून वाचली. शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे ती जरा जास्तच मनाला भिडली.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेसर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरात विस्मरणाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया निवडल्या, आणि त्याच वयाच्या, पण तसा भार नसलेल्या आणखी १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. दुसऱ्या गटाला सरासरी ३९ दिवस लागले. शुश्रूषा करणाऱ्यांना जवळजवळ ४९. म्हणजे तब्बल नऊ दिवस अधिक! माझ्या अंगठ्याची गोष्ट दूरदेशीच्या तेरा जणींनी आधीच लिहून ठेवली होती.

हे होतं कसं? जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते, ठणकते. यालाच दाह म्हणतात. आपण त्याला त्रास समजतो, पण ती शरीराची दुरुस्तीची धावपळ असते. पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात, एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात, जंतू मारतात, मेलेला भाग साफ करतात. काम झालं की दाह विझायला हवा. तो आवरण्याच्या कामी कॉर्टिसॉल हे संप्रेरक येतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ते स्रवतं. संकट आलं की ते वाढतं, संकट टळलं की उतरतं. समोर साप दिसला तर हे सगळं उपयोगाचंच.

पण तीन-तीन वर्षं रोज रात्री दोन वाजता दार वाजत असेल तर? कारखान्याचा भोंगा सतत वाजत राहिला तर कामगार त्याकडे लक्ष देईनासे होतात, तसं पेशींचं होतं. त्या कॉर्टिसॉलचा निरोप ऐकेनाशा होतात. शेल्डन कोहेन या शास्त्रज्ञाने १९९१ साली ३९४ निरोगी लोकांवर केलेल्या अभ्यासात दाखवलं होतं, की सर्दीचे विषाणू नाकात सोडले तर जितका ताण अधिक तितकी लागण अधिक. त्याच्याच चमूने २०१२ साली पुढचा दुवा दाखवला. दीर्घ ताणाखाली असलेल्यांच्या पेशी कॉर्टिसॉलला दाद देत नाहीत आणि म्हणून दाह आवरला जात नाही.

यातली गंमत म्हणा की दुर्दैव, ते असं, की हवा तिथे दाह कमी पडतो आणि नको तिथे रेंगाळतो. ओहायोच्याच बाईंनी २००५ साली ४२ जोडप्यांचा अभ्यास मांडला. एकमेकांशी कडवटपणे भांडणाऱ्या जोडप्यांच्या जखमा सावकाश भरल्या. जखमेच्या जागी दुरुस्तीचे निरोप कमी होते आणि रक्तात मात्र दाहाचे निरोप वाढलेले होते. हा मंद दाह वर्षानुवर्षं राहिला तर तो हृदयविकाराला आणि मधुमेहाला हातभार लावतो.

आणि मनालाही! ताप आल्यावर आपल्याला कसं होतं ते आठवा. अन्न नको, बोलणं नको, कोपऱ्यात पांघरूण घेऊन पडून राहावंसं वाटतं. हे काही तापाच्या आकड्यामुळे होत नाही. दाहाचे निरोप रक्तातून आणि मज्जातंतूंमधून मेंदूपर्यंत पोचतात आणि मेंदू शरीराला गप्प बसवतो. चार दिवसांचं आजारपण असेल तर ते शहाणपणाचंच. पण निरोप थांबलेच नाहीत तर तीच उदासी मुक्कामाला येते. काविळीच्या 'सी' प्रकारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. हे इंटरफेरॉन म्हणजे पेशींचा असाच एक निरोप. ती घेणाऱ्या अनेक धडधाकट मनाच्या रुग्णांना नैराश्य आलं. डॉक्टरांचे डोळे उघडायला त्याचीही मदत झाली.

इथे एक इशारा द्यायला हवा. प्रत्येक नैराश्यामागे दाहच असतो असं मुळीच नाही. २०१३ साली दाह रोखणारं एक प्रभावी औषध नैराश्याच्या ६० रुग्णांवर वापरून पाहिलं, तर सरसकट फायदा दिसला नाही. ज्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा जास्त होत्या त्यांनाच तो होईल अशी चिन्हं दिसली. तेव्हा दुकानातून सुजेच्या गोळ्या आणून खाऊ नका. त्या पोटाचं आणि मूत्रपिंडाचं वाटोळं करतील.

मग माझ्या घरी काय झालं? डॉक्टरांनी यजमानांना बोलावून घेतलं. "बाईंना मलमापेक्षा झोपेची गरज आहे," एवढंच म्हणाले. त्या रविवारी नणंदांना बोलावलं. आठवड्यातल्या दोन रात्री यजमानांच्या, महिन्यातला एक आठवडा थोरल्या नणंदेचा, असं ठरलं. पहिल्यांदा कुरबुर झाली. पण सासूबाईंच्या दोन रात्री जागून काढल्यावर नणंद माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, तू बोलली का नाहीस गं?" मानसोपचारतज्ज्ञांचं औषध मी सहा महिने घेतलं. संध्याकाळी बांधावरून अर्धा तास चालू लागले. सासूबाई आवणीची गोष्ट काढत, तेव्हा "आज पाऊस फार आहे, उद्या जाऊ" म्हणायला शिकले. त्यांना ते पटायचं.

जखम आणखी तीन आठवड्यांनी भरली. झोपेने भरली की हात कोरडा ठेवल्याने, हे मी शपथेवर सांगणार नाही. एका अंगठ्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण मी पुन्हा कधी हात उगारला नाही, हे मात्र शपथेवर सांगते.

सासूबाई २०२१ मध्ये गेल्या. तेरावं झालं, पाहुणे परतले आणि लोक म्हणाले, "सुटलीस बाई." पण मला मात्र पुढे वर्षभर सारखी सर्दी, अंगदुखी आणि थकवा. तेव्हा २००३ सालचा एक अभ्यास वाचनात आला. शुश्रूषा करणाऱ्या जोडीदारांच्या रक्तात दाहाचं एक द्रव्य इतरांच्या सुमारे चौपट वेगाने वाढत होतं, आणि रुग्ण गेल्यावरही कित्येक वर्षं तो वेग ओसरला नव्हता. म्हणजे ओझं उतरलं तरी खांदा दुखतच राहतो. हे कळलं आणि मी स्वतःवर चिडणं सोडलं.

आपल्याकडे आजाऱ्याच्या खाटेशी येणारा प्रत्येकजण आजाऱ्याची विचारपूस करतो. खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या बाईला, कधी बाप्यालाही, कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी फळांची पिशवी घेऊन जाल तेव्हा तिला एवढंच म्हणा, "आजची रात्र मी बसते, तू झोप." घरात कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि ती मराठीत बोलते.

माझ्या अंगठ्यावर आज एक बारीक पांढरी रेघ उरली आहे. भेंडी चिरताना ती दिसते, आणि मी विळी जरा सावकाश चालवते.