ही हद्द कुणाची?

भारतीय सिनेमाला परवानगीची अडचण पहिल्याच चित्रपटात आली. 'राजा हरिश्चंद्र'च्या बाहेरच्या चित्रीकरणासाठी दादासाहेब फाळक्यांची मंडळी वांगणीला गेली. स्वतः फाळके मागून येणार होते. अंगावर राजेशाही पोशाख, हातात तलवारी, अशी टोळी गावात शिरलेली पाहून लोकांना वाटलं दरोडा पडतोय. वर्दी गेली आणि हरिश्चंद्राची सगळी सेना फौजदाराच्या ताब्यात. फाळके आले, त्यांनी कॅमेरा दाखवला, एक प्रसंग करून दाखवला, तेव्हा कुठं सुटका झाली. फाळक्यांच्या चरित्रात ही हकीकत येते. सिनेमा म्हणजे काय हेच गावाला ठाऊक नव्हतं, तर त्यासाठी परवानगी कोण कुणाकडं मागणार?

आज सिनेमा सगळ्यांना ठाऊक आहे, पण परवानगी कुणाकडं मागायची हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या अकलूजला अजूनही आहे. तसं अकलूजला चित्रीकरणाचं गाव म्हणून कुणी ओळखत नाही. तो मान वाईचा, मेणवलीच्या घाटाचा. 'स्वदेस' तिथं झाला, हिंदीवाल्यांची रीघ तिथंच लागली. आमची ओळख साखर कारखान्याची, घोडेबाजाराची, 1993 पासूनच्या लावणी स्पर्धेची. पण कॅमेऱ्याला हवं ते इथंही आहे. नीरेकाठचा किल्ला आणि त्यातली शिवसृष्टी, कडेला उसाचे फड, आणि वर्षातून एकदा तुकोबांची पालखी. पण तिपाई कुठंही रोवायची म्हटलं की ही जागा नक्की कुणाची, हा प्रश्न गेली दहा-पंधरा वर्षं सुटलेला नाही. उत्तर देणारी दारं मात्र बदलत गेली.

अकलूज ग्रामपंचायत होती तोवर मामला सोपा होता. राज्यातल्या मोठ्या ग्रामपंचायतींत तिची गणना व्हायची, पण कारभार ग्रामपंचायतीचाच. अर्ज ठरलेला. 'प्रति, मा. सरपंचसो', खाली 'विषय : चित्रीकरणासाठी ना हरकत दाखला मिळणेबाबत', मग 'वरील विषयास अनुसरून', आणि शेवटी हमी की रहदारीला अडथळा होणार नाही व कचरा आम्ही उचलू. दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्यायचा, ती पोच खिशात. ही पोच म्हणजेच परवानगी असं निम्मी माणसं धरून चालायची आणि काम निभायचंही. खरा होकार अर्ज लिहायच्या आधीच कुणीतरी फोनवर दिलेला असायचा. कागद हा त्या होकाराचा पुरावा. ज्याची ओळख होती त्याला ही पद्धत फार सोयीची वाटली. ज्याची नव्हती त्याला विचारा.

पोलीस ठाण्याचं पत्र वेगळं. गर्दी जमणार, बंदोबस्त लागणार, स्पीकर लागणार, म्हणून तिथं जावंच लागतं. पण तोंडी 'करा, पण लवकर उरका' एवढ्यावर भागलेली कामंच जास्त.

2016 च्या एप्रिलमध्ये 'सैराट' आला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे जिल्ह्यातल्याच करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि आर्ची, म्हणजे रिंकू राजगुरू, अकलूजची. तोवर सिनेमात सोलापूर जिल्हा दिसला तर बहुतेक पंढरपुरापुरता दिसायचा. 'सैराट'नं करमाळ्याच्या श्रीदेवीच्या माळावरची 96 पायऱ्यांची विहीर आणि उजनीचा फुगवटा पडद्यावर आणला. मग लोक त्या जागा शोधत निघाले. आधी सेल्फी, मग लग्नाळू जोडपी. प्री-वेडिंग नावाचा धंदा तालुक्याच्या फोटो स्टुडिओंना याच काळात लागला, आणि तोवर वर्षाकाठी एखाद्याला लागणारी परवानगी दर लग्नसराईत शेकड्यांनी लागू लागली. म्हणजे लागायला हवी होती. मागत कुणीच नव्हतं.

उजनीच्या धरणाच्या भिंतीवर फोटो काढायला मनाई आहे आणि फुगवट्याच्या काठावर कुणी हटकत नाही. पाणी एकाच खात्याचं. भिंत मर्मस्थळ, काठ मोकळा, असा त्यातला हिशेब. पण असं का, म्हणून विचारलं तर वर्दीतला माणूस एवढंच बोलतो, 'साहेबांना विचारा'. पुरातत्त्वाकडंही वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. जुलै 2018 मध्ये दिल्लीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नव्या मुख्यालयाचं उद्घाटन करताना खुद्द पंतप्रधानांनी विचारलं, फोटोला बंदी कशासाठी? त्यानंतर लगोलग आदेश निघाला आणि अजिंठ्याच्या लेण्यांसारख्या मोजक्या जागा सोडून केंद्राच्या संरक्षित स्मारकांत फोटो खुले झाले. इतकी वर्षं ती बंदी कशासाठी होती, हे त्या आदेशानंतरही कुणी सांगितलं नाही.

याच सुमारास राज्यानं चित्रीकरणासाठी 'एक खिडकी' आणली. गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ ती चालवतं. एकाच ठिकाणी अर्ज, खात्याखात्यांचे उंबरे झिजवायला नकोत. कल्पना चांगलीच, पण तिचा जन्म मुंबईच्या गरजेतून झालेला. मुंबईत रस्ता महापालिकेचा, किनारा आणखी कुणाचा, वाहतूक पोलीस वेगळे. तिथल्या निर्मात्याला खिडकी म्हणजे वरदान. तीन मित्र, एक कॅमेरा आणि एका दिवसाचं काम घेऊन निघालेला तालुक्यातला पोरगा त्या खिडकीपर्यंत पोचतच नाही. तो अजूनही 'मा. साहेबसो' लिहितो.

कोरोनानं मात्र सगळ्यांनाच कागद शिकवला. मार्च 2020 मध्ये चित्रीकरण थांबलं. मेअखेरीस राज्यानं नियमावली काढली, त्यात मुंबईसाठी चित्रनगरीची परवानगी आणि इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांची. म्हणजे अकलूजच्या चौकात कॅमेरा लावायचा तर अर्ज सोलापूरला. आजवर एका फोनवर होणाऱ्या कामाला पहिल्यांदाच एक नेमका सही करणारा मिळाला. 65 वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला बंदी घातली होती, ती मुंबई उच्च न्यायालयानं त्याच ऑगस्टमध्ये रद्द केली. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा सगळं बंद झालं, तेव्हा मराठी मालिका गोव्यात, सिल्वासाला, हैदराबादला गेल्या. थोड्याच दिवसांत गोव्यानंही दार लावलं.

2021 चा ऑगस्ट मात्र आमच्यासाठी दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखा. त्याच मागणीसाठी झालेल्या साखळी उपोषणानंतर अकलूज ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, आणि 25 तारखेला केंद्राचे ड्रोन नियम आले. नगरपरिषद झाल्यानं सरपंचाच्या जागी मुख्याधिकारी आले, अर्जाचा मायना बदलला. सरपंच गावातला, त्याला उद्या परत तोंड दाखवायचं असतं. मुख्याधिकारी बदलीचा माणूस. तो नियम विचारतो, आणि नियम म्हटलं की पुन्हा तोच घोळ. गावात एक रस्ता नगरपरिषदेचा, पुढचा सार्वजनिक बांधकामचा. आता तुकाराम महाराज पालखी मार्ग झाल्यानं त्यात राष्ट्रीय महामार्गाची भर. बसस्थानक एसटीचं, नदीचा काठ आणखी कुणाचा. एका गाण्याच्या तीन कडव्यांत तीन खाती येतात. मला विचाराल तर मुख्याधिकाऱ्यांचा कागदी मार्गच बरा. त्यात ओळख नसलेल्यालाही उभं राहता येतं, नकार आला तर लेखी येतो. फक्त कुठली जागा कुणाची, याची एक यादी कार्यालयाच्या भिंतीवर लावायला हवी. एवढं साधं काम.

ड्रोनची गोष्ट उलटी. ऑक्टोबर 2014 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं सर्वसामान्यांच्या ड्रोनवर बंदी घातली आणि 2018 च्या डिसेंबरपर्यंत ती राहिली. म्हणजे त्या चार वर्षांत आपल्याकडच्या लग्नांत वरातीवर जे जे घोंगावलं ते कागदोपत्री बेकायदा होतं, आणि त्याच वरातीत फौजदारही जेवून गेले. 2021 च्या नियमांनी सोपं केलं : 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिकाचा परवाना नको, ड्रोनच्या नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत आगाऊ परवानगी नको. आता नियम सैल झाले आणि हटकणारे वाढले.

पालखीत ते नीट दिसतं. सराटीहून तुकोबांच्या पादुकांना नीरास्नान घालून सोहळा अकलूजला येतो, माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं. वरून पाहिलेली वारी महाराष्ट्रानं पहिल्यांदा मनावर घेतली ती उद्धव ठाकरे यांच्या 'पाहावा विठ्ठल'मधल्या हवाई छायाचित्रांमुळं. त्यासाठी हेलिकॉप्टर लागलं होतं. पुढं ते दृश्य तालुक्यातल्या कुठल्याही स्टुडिओवाल्याच्या आवाक्यात आलं आणि ड्रोनबंदीचे आदेशही निघू लागले. गर्दीच्या डोक्यावर यंत्र कोसळलं तर काय, हा त्यामागचा विचार रास्तच आहे. रिंगणात अश्व सुटल्यावर तर विचारायलाच नको.

पण खाली मैदानात पाहा. दिंडीच्या कडेला हजारो मोबाइल वर धरलेले, काहींना हात स्थिर ठेवणारी दांडी लावलेली. पुरातत्त्वाच्या स्मारकात आजही तिपाई उघडली की परवानगी लागते, कारण तिपाई म्हणजे धंदा, हातातला कॅमेरा म्हणजे हौस, अशी जुनी खूणगाठ. किल्ल्यावरचा रखवालदारही बॅगेच्या आकारावरून ठरवतो कुणाला अडवायचं. मोठी लेन्स घेऊन पाखरं टिपायला आलेला हौशी माणूस तासभर दारात थांबतो, आणि कंपनीची जाहिरात फोनवर चित्रित करणारी चौघं त्याच्या शेजारून आत जातात.