‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हटलं की ओव्हरटाइम बुडतो का?

समजा, चिखलीतला एक तरुण घरोघरी पार्सल पोहोचवतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं आणि पैसे पार्सलमागे. सकाळी सातला गोदामावर हजर व्हायचं, दोन तास गावानुसार पार्सल वेगळी करायची, मग दिवसभर खेड्यांत फिरायचं. संध्याकाळी परत येऊन रोख रकमेचा हिशोब द्यायचा. घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. पार्सल निवडण्याचे आणि हिशोबाचे तास कुठेच धरले जात नाहीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: “तू कामगार नाहीस, कंत्राटदार आहेस. तुला कसला ओव्हरटाइम?”

खामगाव, मलकापूर, शेगाव, मेहकर, सगळीकडे अशी कामं वाढली आहेत. पार्सल पोहोचवणं, वसुली, यंत्रांची दुरुस्ती, घरी बसून डेटा एंट्री. पण हे उत्तर कायद्यात बसतं का?

ओव्हरटाइम कुणाला मिळतो?

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार कामगाराकडून दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. जादा काम हवं असेल तर त्याची संमती लागते. वेतन संहिता सांगते, की जादा वेळेचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुपटीपेक्षा कमी नसावा.

मात्र हे सगळं ‘कामगार’ किंवा ‘कर्मचारी’ यांच्यासाठी आहे. खराखुरा स्वतंत्र कंत्राटदार कायद्याच्या नजरेत व्यावसायिक असतो. त्याने दर ठरवला, काम घेतलं, मग ते ४ तासांत होवो की १४ तासांत. त्याला दुप्पट दराचा हक्क नाही.

म्हणून खरा प्रश्न ओव्हरटाइमचा नसून, तो माणूस नक्की कोण आहे, हा आहे.

करारात ‘कंत्राटदार’ लिहिलं की विषय संपला?

नाही. कागदावरच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम कसं चालतं, हे न्यायालयं पाहतात. यासाठी लांब जायला नको. असा वाद साठ-पासष्ट वर्षांपूर्वी विदर्भातच झाला होता.

नागपूरच्या एका विडी कारखान्यातल्या कामगारांनी पगारी रजेचे पैसे मागितले. मालक म्हणाला, हे आपल्या मर्जीने येतात, मर्जीने जातात, पैसे विड्यांच्या नगावर घेतात, मग हे कामगार कसे? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने पाहिलं, की काम कारखान्यातच होतं. हजेरी लागते. दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नाही. विड्या ठरलेल्या दर्जाच्या नसतील तर नाकारल्या जातात. सलग ८ दिवस गैरहजर राहिलं तर काढता येतं. बिर्धीचंद शर्मा प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या निकालात त्यांना कामगार मानलं गेलं. नगावर पैसे मिळतात किंवा वेळेत थोडी मोकळीक आहे, एवढ्यावरून कोणी स्वतंत्र ठरत नाही, हा त्याचा अर्थ.

पण दुसरी बाजूही आहे. १९६१ साली महाराष्ट्रातल्या एका विडी कारखान्याच्या प्रकरणात, शंकर बालाजी वाजे खटल्यात, निकाल उलटा लागला. तिथे येण्या-जाण्याचं आणि काम करण्याच्या पद्धतीचं बंधन नव्हतं, म्हणून बहुमताने तो माणूस कामगार ठरला नाही.

दोन्ही ठिकाणी धंदा विडीचाच. फरक होता तो नियंत्रणाचा. पुढे १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा आला. त्यात ठेकेदारामार्फत काम करणारे आणि घरी विड्या वळणारेही ‘कर्मचारी’ या व्याख्येत घेतले गेले. न्यायालयात जी फट राहिली होती, ती कायदा करून बुजवावी लागली.

मग ओळखायचं कसं?

न्यायालयं एकच कसोटी लावत नाहीत, सगळं चित्र पाहतात. त्यातले नेहमीचे प्रश्न असे:

• कामाची वेळ कोण ठरवतं?
• काम नाकारता येतं का? नाकारलं तर दंड होतो का, आयडी बंद होतो का?
• दर बोलून ठरतो, की एकतर्फी बदलतो?
• स्वतःऐवजी दुसऱ्याला पाठवता येतं का?
• दुसऱ्या कंपनीचं काम घेता येतं का?
• रजेसाठी परवानगी लागते का?

बहुतेक उत्तरं ‘कंपनी ठरवते’ अशी असतील, तर करारात काहीही लिहिलेलं असो, कामगार असल्याचा दावा करायला जागा आहे. चिखलीच्या त्या तरुणाची सातची हजेरी म्हणूनच महत्त्वाची. उलट खामगावात घरी बसून पुण्याच्या चार कंपन्यांची हिशोबाची कामं स्वतःच्या दराने घेणारी तरुणी खरी कंत्राटदार आहे.

ॲपवर काम करणाऱ्यांचं काय?

सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ ही व्याख्या आहे. पारंपरिक मालक-कर्मचारी नात्याबाहेर राहून कमावणारा, असा तिचा अर्थ. त्यांच्या कल्याण योजनांसाठी ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची आहे. ई-श्रम पोर्टलवर त्यांना नोंदणी करता येते. पण या तरतुदी विमा, आरोग्य, वृद्धापकाळ अशा सुरक्षेच्या आहेत. कामाचे तास किंवा ओव्हरटाइम त्यात नाही.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगार मानलं, आणि ॲप चालू ठेवून भाड्याची वाट पाहण्याचा वेळही कामाचा धरला. तो निकाल भारतात बंधनकारक नाही. पण वाट पाहणं हेही काम आहे, हा मुद्दा इथल्या वादातही तितकाच लागू पडतो.

बुलढाण्यात दाद कुठे मागायची?

नातं कामगाराचं वाटत असेल तर: बुलढाण्यातल्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार देता येते. वेतन संहितेत थकबाकीच्या दाव्यासाठी ३ वर्षांची मुदत आहे, आणि पैसे दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. आपण कर्मचारी आहोत, हे मात्र आधी दाखवावं लागतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदतीचा अर्ज करता येतो.

खरोखर स्वतंत्र काम असेल तर: दुप्पट दर कायदा देणार नाही, तो करारातच लिहून घ्यावा लागतो. किती तास, किती दुरुस्त्या, त्यापुढे तासाला किती रुपये. उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून मोफत नोंदणी होते, ती काम घेण्याआधी केलेली बरी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा व्यावसायिकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते.

आजपासून काय जपून ठेवायचं?

दोन्ही वाटांवर गाडी अडते ती पुराव्यावर. रोज आल्या-गेल्याची वेळ वहीत लिहावी. ‘सातला या’ असे व्हॉट्सॲप संदेश, ॲपवरच्या लॉगिनचे स्क्रीनशॉट, पैसे जमा झाल्याचे बँक तपशील पुसू नयेत.

एकट्याने तक्रार केली की दुसऱ्या दिवशी काम बंद होण्याची भीती असते, आणि ती खोटी नाही. म्हणून एकाच गोदामावरच्या पाच-दहा जणांनी मिळून अर्ज दिलेला बरा. नागपूरच्या विडी कामगारांच्या बाजूने निकाल लागला तो करारातल्या नावामुळे नाही, तर हजेरी, वेळ आणि कामावरचा ताबा दाखवता आल्यामुळे.