वॉरंटी संपली म्हणून हक्कही संपला का?

डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी अब्बा अडीच महिने नागपूरला राहून अहेरीला परत आले. आल्या आल्या त्यांनी कपाटातून ई-रीडर काढला. पडद्यावर चित्र दिसत होते, पण बटण दाबले तरी काहीच हलेना. चार्जर लावला, दिवाही लागला नाही. घेऊन चौदा महिने झाले होते आणि वॉरंटी होती बारा महिन्यांची.

अब्बांना बारीक अक्षर वाचता येत नाही. मोबाइलवर वाचले की डोळ्यांतून पाणी येते. ई-रीडरवर अक्षर हवे तेवढे मोठे होते आणि एकदा पुस्तक उतरवून घेतले की नेटवर्क असो नसो, वाचन चालू राहते. आमच्या भागात हे फार मोलाचे आहे. "आता दिवसभर करू तरी काय?" असे ते म्हणाले, तेव्हा आम्हालाही वाईट वाटले.

कंपनीला फोन केला. उत्तर मिळाले: वॉरंटी संपली आहे, आम्ही हे दुरुस्त करत नाही, नव्यावर सूट देऊ. राग आला. हजारो रुपयांची वस्तू चौदा महिन्यांत कचरा कशी होते? मग चौकशी केली. त्यातून जे कळले, ते वाचकांच्याही कामी यावे म्हणून इथे देत आहोत.

पडदा दिसतो, मग यंत्र बंद कसे?

ई-रीडरच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात. पान बदलतानाच वीज लागते. नंतर वीज नसली तरी चित्र तसेच राहते. त्यामुळे बॅटरी पूर्ण संपलेले यंत्रही चालू असल्यासारखे वाटते.

आत लिथियम-आयन बॅटरी असते. तिचे दोन शत्रू आहेत: उष्णता आणि पूर्ण रिकामे पडून राहणे. चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. बॅटरी फार खाली गेली की आतले सुरक्षा सर्किट तिला बंद करते आणि मग साधा चार्जर तिला उठवू शकत नाही. आमचे यंत्र जवळपास रिकामेच कपाटात राहिले होते. म्हणजे थोडी चूक आमचीही होती.

आधी घरी काय करावे?

दुसरी केबल आणि दुसरा चार्जर लावून पाहा. चार्जिंगच्या जागेतली धूळ हलक्या हाताने काढा. काही तास चार्जिंगला ठेवा, मग चालू-बंद करण्याचे बटण ४० सेकंद दाबून धरा. बरीच अडकलेली यंत्रे एवढ्यानेच सुरू होतात. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र चार्ज करू नका, टोचू नका आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नका. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. कंपनी बंगळूरची असो की दिल्लीची, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्हीकडे आयोग आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा.

पण एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वॉरंटीनंतर बॅटरी झिजली, एवढ्यावरून केस उभी राहत नाही. वस्तूत मुळातच उत्पादनाचा दोष होता, हे दाखवावे लागते. त्यासाठी बिल, कंपनीशी झालेला लेखी व्यवहार आणि जाणकाराचा अहवाल लागतो. म्हणून फोनवर भांडण्यापेक्षा ई-मेल करावा. लिहिलेले हाती राहते.

दुरुस्ती नाकारणे हा प्रश्न फक्त आपलाच नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. युरोपीय संघात तर १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले, तर लहान उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशी ठेवणे बंधनकारक होत आहे. आपल्याकडे तसे बंधन यायला हवे.

शेवटी काय झाले?

चंद्रपूरच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्या भाईंनी मागचे झाकण उघडले, बॅटरीवरचा नंबर पाहिला आणि तशीच बॅटरी मागवली. तीन आठवडे लागले. खर्च नव्या यंत्राच्या दहाव्या हिश्शाइतकाही आला नाही. जे दुरुस्त होत नाही म्हणून सांगितले होते, ते अर्ध्या तासात चालू झाले. पुस्तके खात्यात होती, तीही परत आली.

आता आम्ही तीन गोष्टी पाळतो. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवतो. वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी यंत्र नीट तपासतो. बरेच दिवस वापर नसेल तर बॅटरी निम्मी भरून थंड जागी ठेवतो. अब्बांनी मात्र चौथा नियम केला आहे: "कपाटात ठेवायचंच कशाला? रोज वाचलं की झालं."